स्टीव्ह नॅश मॅच चालू असताना जमिनीवर का आडवा पडायचा?

लेथवाला_सातपूर

नमस्कार मंडळी. प्रश्न बास्केटबॉलचा आहे, पण सुरुवात माझ्या कमरेपासून करावी लागेल.

वय 43. सातपूर एमआयडीसीत सुपरवायझर आहे, दिवसभर उभं राहायचं काम. कॉलेजात बास्केटबॉल खेळायचो, लग्नानंतर सुटला तो सुटलाच. मागच्या वर्षी कळलं की गंगापूर रोडकडच्या एका शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर रविवारी सकाळी साडेसहाला काही जण जमतात. जायला लागलो. दहा-बारा जण असतात, अर्धे कॉलेजची पोरं, अर्धे माझ्यासारखे पोट सुटलेले. दोन महिने मजेत गेले. मग एक दिवस रिबाउंडला (हुकून परत आलेला बॉल पकडायला) उडी मारली आणि खाली आलो तो कमरेत वीज चमकली. एक्सरे झाला, एमआरआय झाला. खालचा मणका पुढे सरकलाय म्हणे, एल फाइव्ह, पहिली ग्रेड. ऑपरेशनची गरज नाही, व्यायाम करा, वजन उतरवा. तीन महिने घरात काढले, आता हलकं खेळायला परवानगी मिळालीये.

गंमत अशी की खेळताना फारसं काही होत नाही. बदली देऊन बाहेर आलो आणि कट्ट्यावर बसलो की पाच मिनिटांत कंबर लाकूड होते. परत उठायचं तर हात धरून उठवावं लागतं. म्हणून मी आता बसतच नाही, लाइनीच्या बाहेर सरळ पाठ टेकून आडवा पडतो, गुडघे दुमडून. पहिल्या दिवशी शाळेचा वॉचमन पाण्याची बाटली घेऊन धावत आला होता, त्याला वाटलं आटोपला कारभार.

मागच्या रविवारी एक पोरगा म्हणाला, "काका, तुम्ही तर डिट्टो स्टीव्ह नॅश!" सगळे फिदीफिदी हसले. मला वाटलं टिंगल चाललीये. घरी येऊन यूट्यूबवर बघितलं तर खरोखर हा बाबा एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये, हजारो लोकांसमोर, बेंचच्या टोकाला जमिनीवर पडलाय आणि तिथूनच मॅच बघतोय.

माझं एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) जॉर्डनपाशी संपतं. त्यामुळे जाणकारांनी सांगा: त्याला माझंच दुखणं होतं का? असेल तर तो इतकी वर्षं खेळला कसा? आणि हा नेमका किती मोठा खेळाडू होता, की पोराने मला गोड बोलून चुना लावला?

---

गोदाकाठचा

नॅश आपलाच आहे हो. मूळ नाव नॅशइक. तिकडे जाताना 'इक' ओझरच्या विमानतळावर राहून गेलं.

(माफ करा, राहवलं नाही. जाणकार येईपर्यंत मी पुढच्या रांगेत बसतो. तुम्ही आडवे व्हा.)

---

शटर_दहाला

लेथवालेसाहेब, पोराने चुना लावलेला नाही. तुमचा मान वाढवलाय, त्याला पुढच्या रविवारी मिसळ खाऊ घाला.

माझं नाशिकरोडला इलेक्ट्रिकचं दुकान आहे, शटर दहाला उघडतं. हे वेळेचं सांगतोय त्याला कारण आहे. नॅशच्या टीमच्या गावी, अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये, संध्याकाळी साडेसातला मॅच सुरू झाली की आपल्याकडे सकाळचे आठ वाजलेले असतात. म्हणजे देवाने ती टीम माझ्यासाठीच बनवली होती. 2004 ते 2010 ही वर्षं मी केबलवर जी मॅच लागेल ती चहा-पोह्यांबरोबर बघितली, आणि दुकान कित्येकदा सव्वादहाला उघडलं. नॅशचा आणि माझा जन्म एकाच सालचा, 1974. मीही कॉलेजच्या टीममध्ये नॅशसारखाच पॉइंट गार्ड (बॉल वर आणून खेळ चालवणारा) होतो, पुणे विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धांपर्यंत मजल होती. त्यामुळे त्याच्याविषयी मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो.

आधी तुमचा प्रश्न. होय, तेच दुखणं. स्पॉन्डिलोलिस्थेसिस. उच्चारायला अर्धा क्वार्टर लागतो. खालचा मणका जागेवरून पुढे सरकतो, स्नायू त्याला धरून ठेवायला आवळतात. नॅशचं शरीर तापलेलं असेपर्यंत ठीक चालायचं, खुर्चीवर बसून गार पडलं की पाठ आखडायची. म्हणून तो बाहेर आला की थेट जमिनीवर. बाकीचे ढेंगा टाकून त्याला ओलांडून जायचे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तुमच्या वॉचमनसारखंच वाटलं, याला काहीतरी झालं. कॉमेंटेटर शांत होते म्हणून मीही शांत झालो.

आता कोण होता ते.

जन्म जोहान्सबर्गचा. वडील व्यावसायिक फुटबॉलर. वर्णभेदाच्या राजवटीत पोरं वाढवायची नाहीत म्हणून आईबापांनी तो देश सोडला आणि कॅनडा गाठला. पोरगा व्हिक्टोरिया नावाच्या गावात फुटबॉल आणि आइस हॉकी खेळत वाढला. बास्केटबॉल हातात आला बारा-तेराव्या वर्षी, म्हणजे त्या खेळाच्या मानाने उशिराच. त्याच्या पायांत मला शेवटपर्यंत फुटबॉलच दिसायचा. छोटी छोटी पावलं, मध्येच थांबणं, अंगाने एकीकडे झुकून दुसरीकडे निघणं.

शाळेच्या कोचने अमेरिकेतल्या तीसेक विद्यापीठांना पत्रं आणि व्हिडिओ धाडले. शिष्यवृत्ती द्यायला एकच तयार झालं, सांता क्लारा. तिथे तो वर्गात जाता-येता टेनिस बॉल ड्रिबल करत, म्हणजे जमिनीवर आपटत, चालायचा. हे वाचून मी जेलरोडला आमच्या कॉलनीत तोच प्रयोग केला. चौथ्या पावलाला बॉल गटारीत. टेनिस बॉल लहान, उसळी वेगळी, बोटांच्या टोकांनीच सांभाळावा लागतो. त्यावर हात बसला की मोठा बॉल म्हणजे पाळीव मांजर. 1993 साली, पहिल्याच वर्षात, सांता क्लाराने राष्ट्रीय स्पर्धेत ॲरिझोनाला हरवलं. पंधराव्या मानांकनाच्या टीमने दुसऱ्या मानांकनाच्या टीमला घरी पाठवलं, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात लागोपाठ सहा फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे थ्रो) या पोराने आत टाकले.

1996 च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्यात) फिनिक्सने त्याला पंधराव्या क्रमांकावर घेतलं, तर त्यांच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. दोन वर्षांनी डॅलसला रवानगी. तिथेही आधी नेम लागेना, पाठ आणि पाय त्रास देत होते, घरच्या मैदानावरच्याच प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या. मग डर्क नोवित्स्की आणि मायकल फिनलीबरोबर जमलं आणि दोनदा ऑल-स्टार (लीगच्या निवडक खेळाडूंत) झाला. 2004 ला करार संपला तेव्हा वय 30, पाठीचा इतिहास सगळ्यांना ठाऊक. फिनिक्सने सहा वर्षांचा, साठ मिलियन डॉलरच्या वरचा करार पुढे केला. डॅलसने तेवढे मोजायला नकार दिला. व्यापारी म्हणून मला डॅलसच्या मालकाचा राग येत नाही. तिशीतला माल, त्यात पाठ गेलेली, सहा वर्षांची गॅरंटी कोण देईल? मी तर सीलिंग फॅनलासुद्धा दोन वर्षांच्या वर देत नाही.

पण पुढे बघा. आदल्या मोसमात 29 मॅच जिंकलेली फिनिक्स, नॅश आल्यावर 62 जिंकली. तो एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, झाला. पुढच्या वर्षी पुन्हा एमव्हीपी.

कोच होते माइक डँटोनी. हल्ला करायला 24 सेकंद मिळतात, ही टीम सात-आठ सेकंदांत बॉल मारून मोकळी. सगळे म्हणायचे पळतात किती. मला विचाराल तर पळणारे बाकीचे चार होते, नॅश मॅचमधला सगळ्यात निवांत माणूस असायचा. त्याची एक गोष्ट मी शंभरदा रिवाइंड करून बघितलीये. आम्हाला शिकवलं होतं: रिंगखाली गेलास की मार, नाहीतर बाहेर फेक, बॉल धरून तिथे थांबू नको. नॅश रिंगखाली जायचा, बॉल उचलायचाच नाही. ड्रिबल तसाच चालू ठेवून रिंगमागच्या बेसलाइनच्या कडेकडेने दुसऱ्या बाजूने बाहेर यायचा. एवढ्यात काय व्हायचं, तर पाचही डिफेंडर माना वळवून त्याच्याकडे बघत राहायचे, आणि जो आपला माणूस विसरला त्याच्या पाठीमागे पास पडलेला असायचा. चौकात हवालदार इकडे बघतोय तोवर रिक्षा तिकडून निघून जाते ना, तसं.

फ्री थ्रोच्या आधी बोटं चाटायचा आणि हातात बॉल नसताना हवेत एक-दोन थ्रो मारून बघायचा. मग बॉल घ्यायचा. कारकिर्दीची टक्केवारी 90.4. निवृत्त झाला तेव्हा इतिहासात सगळ्यात वरची. एका मोसमात एकूण नेम 50 टक्के, तीन पॉइंटचा 40 आणि फ्री थ्रो 90, हे त्याने चारदा केलं. एकदा जमलं तरी लोक नातवंडांना सांगतात.

आता जखमा. 2007, प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत) सॅन अँटोनिओविरुद्धच्या मालिकेतली पहिली मॅच. शेवटच्या काही मिनिटांत त्यांच्या टोनी पार्करचं डोकं आणि याचं नाक आपटलं. नाक फाटलं. पट्टी लावली, रक्त आलं. परत लावली, परत आलं. अंगातून रक्त वाहत असेल तर खेळू देत नाहीत असा नियम आहे, त्यामुळे ऐन मोक्याला तो बाहेर उभा आणि मॅच हातातून गेली. 31 पॉइंट केले होते त्या दिवशी. माझे पोहे तसेच राहिले, बायको म्हणाली तुमच्या नाकाला लागलंय का?

त्याच मालिकेत चौथ्या मॅचच्या शेवटी त्यांच्या रॉबर्ट हॉरीने त्याला कंबरेने असा धक्का दिला की हा स्कोअररच्या टेबलावर जाऊन आदळला. आमचे अमारे स्टॉडमायर आणि बोरिस डिआव बेंचवरून उठून दोन पावलं आत आले. भांडण चालू असताना बेंच सोडला तर एका मॅचची बंदी, नियम तसा आहे. दोघे बाहेर. पाचवी मॅच तीन पॉइंटने गेली, मग मालिकाही गेली. जो माणूस कधी बेंचवर बसला नाही त्याचं एक अख्खं वर्ष बेंचच्या नियमात बुडालं. मी त्या दिवशी दुकान अकराला उघडलं.

फायनल त्याने कधी खेळली नाही. डॅलसकडून एकदा आणि फिनिक्सकडून तीनदा दारापर्यंत जाऊन परत आला.

2012 ला लॉस एंजेलिसच्या लेकर्सकडे गेला, दुसऱ्याच मॅचला डेमियन लिलार्डशी टक्कर होऊन पायाचं हाड मोडलं. त्यानंतर पायाच्या नसा आणि पाठ, दोन्ही त्याला कायमचे छळत राहिले. 2013-14 मध्ये जेमतेम 15 मॅच. आणि लेथवाले, हे खास तुमच्यासाठी: 2014 च्या ऑक्टोबरमध्ये पाठ पुन्हा गेली ती बॅगा उचलताना. डंक नाही, टक्कर नाही, बॅगा. तो मोसम बसूनच गेला, आय मीन पडूनच गेला. मार्च 2015 ला निवृत्ती. 18 मोसम, 1,217 मॅच, 10,335 असिस्ट (ज्यांवर बास्केट झाली असे पास). त्या वेळी असिस्टमध्ये त्याच्या पुढे दोघंच होते, स्टॉकटन आणि किड. 2018 ला हॉल ऑफ फेम. मग 2020 ते 2022 ब्रुकलिनचा कोच, त्यावर मी बोलणार नाही. गिऱ्हाईक आलंय.

---

मांबा_इंदिरानगर

काका, पोस्ट एक नंबर. पण 2006 चा एमव्हीपी नॅशला दिला तो अन्याय होता, हे लिहायला विसरलात. लेकर्सच्या कोबी ब्रायंटने त्या मोसमात सरासरी 35.4 पॉइंट मारले. टोरांटोविरुद्ध एकट्याने 81. नॅशची सरासरी 18.8. शिवाय नॅशला डिफेन्स येत नव्हता, हे त्याचे फॅनसुद्धा मान्य करतात. रिंगा, म्हणजे विजेतेपदाच्या अंगठ्या, शून्य. आदर आहे, पण दोन एमव्हीपी म्हणजे जरा जास्तच झालं.

---

शटर_दहाला

मांबा, डिफेन्सचं खरं आहे. त्याच्या अंगावरून लोक जायचे, मी डोळ्यांनी बघितलंय. पण 2006 चं बोलायचं तर पूर्ण बोलू. त्या वर्षी स्टॉडमायर गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तीनच मॅच खेळला. टीमचा मोठा स्कोअरर बाहेर बसलेला आणि तरी नॅशने 54 मॅच जिंकून दिल्या. लेकर्स 45.

आणि मग प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत दोघे समोरासमोर आले. चौथ्या मॅचला ओव्हरटाइममध्ये नॅशच्या हातातला बॉल अडकला, जंप बॉल झाला (पंच बॉल दोघांमध्ये वर उडवतात), आणि कोबीने शेवटच्या क्षणी बास्केट मारली. लेकर्स 3-1 पुढे. त्या दिवशी तू नाचला असशील. जन्मला होतास का रे? पुढच्या तिन्ही मॅच फिनिक्सने जिंकल्या. सातवी 121-90. तिच्या दुसऱ्या हाफमध्ये कोबीने बास्केटवर तीनच शॉट मारले, हे मी नाही म्हणत, स्कोअरशीट म्हणतं.

गंमत म्हणजे दोघे एकाच ड्राफ्टचे. 1996 ला कोबी तेरावा, नॅश पंधरावा. शेवटी लेकर्समध्ये एकाच ड्रेसिंग रूममध्ये आले, तेव्हा एकाचं पाऊल धड नव्हतं आणि दुसऱ्याची पाठ. कोबी माझाही आवडता, गेला त्या दिवशी मी शटर उघडलंच नाही. पण 2006 वर मी ऐकून घेणार नाही.

---

मांबा_इंदिरानगर

चार वर्षांचा होतो काका 😄 सातव्या मॅचचं मान्य. 81 चं तुम्ही मान्य करा.

---

शटर_दहाला

81 मान्य. तेही पोहे गार झाले होते.

---

कमरेची_ताई

फिजिओ आहे, पंचवटीत प्रॅक्टिस करते. बास्केटबॉलमधलं कळत नाही, पण शीर्षकात कंबर नसूनही वास लागला.

लेथवालेदादा, पहिली ग्रेड म्हणजे मणका त्याच्या रुंदीच्या पाव भागापर्यंत सरकलाय. घाबरण्यासारखं नाही, पण नॅश खेळला म्हणून मीही खेळेन असं मनात आणू नका. त्याच्या दिमतीला रोज हात लावणारी माणसं होती आणि पायाखाली लाकडी कोर्ट होतं. तुमचं सिमेंट आहे. उडी मारून खाली आल्यावर जो दणका लाकूड थोडा खातं तो सिमेंटवर सगळा तुमच्या एल फाइव्हला बसतो. रिबाउंड पोरांना घेऊ द्या.

आडवं पडणं बरोबर आहे. बसल्यावर मांडीमागचे स्नायू आणि कंबर आखडते, पाठ टेकून गुडघे दुमडले की तिथला ताण उतरतो. फक्त गार फरशीवर पडू नका, खाली काहीतरी अंथरा. उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, हाताने रेटा द्या, मग उठा. माझे निम्मे पेशंट इथेच चुकतात, घरी बिछान्यातून उठताना. व्यायामात पोटाच्या आतल्या स्नायूंची ताकद आणि मांडीमागचं ताणणं, हे दोन्ही रोज. मागे वाकायचे व्यायाम यूट्यूबवर बघून करू नका. सरकलेल्या मणक्याला तेच नको असतं. वेगवान गोलंदाज आणि जिम्नॅस्टिक्सच्या मुलांमध्ये हा त्रास जास्त दिसतो तो पाठ सारखी मागे वाकवल्यामुळेच.

पाय बधिर झाला, पावलातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा बिघडला तर फोरमवर विचारत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

आणि बॅगांचं ते वाचून हसू आलं नाही. गॅसचा सिलिंडर, पिठाचा डबा, दिवाळीतली कपाटं. माझ्याकडे खेळताना कंबर गेलेला एखादाच येतो.

---

लेथवाला_सातपूर

सगळ्यांचे आभार. ताई, सिमेंटचं डोक्यात शिरलं, उड्या बंद. शटरभाऊ, तुमची पोस्ट मी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवली. एकाने विचारलं हे दुकान नक्की कुठे आहे, फॅन घ्यायचाय.

आज रविवारचा अहवाल. रिबाउंड सोडले आणि बॉल वर आणायचं काम मागून घेतलं. रिंगखाली जाऊन बॉल न उचलता पलीकडून बाहेर यायचा प्रयत्न तीनदा केला. पहिल्यांदा बॉल माझ्याच पायावर आपटून बाहेर गेला. दुसऱ्यांदा खांबाला धडकलो. तिसऱ्यांदा खरंच पलीकडून निघालो, आणि माना वळलेल्या दिसल्या! पास कुणाला द्यायचा हे मात्र ठरवलंच नव्हतं, त्यामुळे मी कोर्टाबाहेर चालत गेलो. तो पोरगा म्हणाला, "काका, आत्ता पास टाकायचा होता."

घरून बायकोची जुनी योगाची चटई नेली होती, लाइनीच्या बाहेर नीट अंथरून ठेवलेली. दहा मिनिटांनी बदली देऊन आलो तर शाळेतला तांबडा कुत्रा तिच्यावर आडवा. पाठ टेकून, चारही पाय वर. वॉचमन म्हणाला, राहू द्या साहेब, म्हातारा झालाय. मी आपला उभाच राहिलो.